माक्रीनाचं म्हातारपण

केस पिकले म्हणजे माणूस म्हातारा झाला, असं सान मेल्चोरमध्ये कुणी मानत नाही. पांढरी दाढी बोकडालाही असते, म्हणून काय त्याच्यापुढे टोपी काढायची? ओआहाकाच्या या डोंगरात म्हातारपण आपोआप येत नाही, ते राबून मिळवावं लागतं. विशीत चावडीची काठी हातात घ्यायची आणि वर्षभर तोपील व्हायचं, म्हणजे गावाचा हरकाम्या. झाडलोट करा, निरोप पोचवा, दारुड्यांना कोंडा. मग चार-पाच वर्षं स्वतःच्या मक्याकडे बघितलं न बघितलं तोच दुसरं बोलावणं. देवळाची घंटा, मग पाण्याचा पंच, मग जत्रेचा यजमान, आणि शेवटी अल्काल्दे, म्हणजे लोकांचे बांधावरचे तंटे मिटवणारा. सगळं फुकट. या पाचही पायऱ्या चढून झाल्या की म्हणतात, अमक्याने ओझं ठेवलं. त्यानंतर गावकामाचा शंख वाजला तरी त्याला रस्ता खणायला जावं लागत नाही. चावडीच्या पडवीतल्या लांब बाकावर तो जाणता म्हणून बसतो, मेस्काल दारूचा पहिला पेला त्याचा, आणि वाटेत भेटेल तो टोपी काढून त्याच्यापुढे मान लववतो. हे म्हातारपण. बाकीची सगळी नुसती गुडघेदुखी.

माक्रीना मान्सानोने यंदाच्या एक जानेवारीला ओझं ठेवलं. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. त्यातली अठ्ठावीस वर्षं ती गावासाठी राबली होती, आणि तीही दुसऱ्याच्या नावाने.

तो दुसरा म्हणजे तिचा नवरा, ताउरीनो इयेस्कास. कामचुकार माणसं कुठल्या गावात नसतात? पण ताउरीनोने त्यात नाव काढलं होतं. अठराव्या वर्षी काठी पुढे आली तर याचा घोटा मुरगळलेला. पंचविशीत आली तर छातीत कळ. तिशीत आई आजारी, आणि आई गेल्यावर आईचं दुःख, ते पाच वर्षं पुरलं. शेवटी चाळिशी आली तेव्हा गावाने ठणकावलं, बस झालं, एक तारखेला काठी घ्यायची. एकोणतीस डिसेंबरला हा पठ्ठ्या राजधानीला पसार. पावाच्या भट्टीवर दोन महिन्यांचं काम आहे म्हणाला. ते दोन महिने अठ्ठावीस वर्षं चालले. तिकडे त्याने दुसरा संसार थाटलाय हे गावाला तिसऱ्या वर्षी कळलं. माक्रीनाला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

एक तारखेला चावडीत त्याचं नाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही. ज्या घरातून कुणी उठत नाही त्या घराची जमीन गाव काढून घेतं. माक्रीनाच्या पदरात दोन पोरं होती, नऊ वर्षांची ओलीवा आणि दोन वर्षांचा रुतीलियो. ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि तिने काठी उचलली.

त्या साली अल्काल्दे होता सेनाइदो. तो हसला. "शाल सांभाळशील का काठी सांभाळशील, बाई?"

"देवाने दोन हात दिलेत," माक्रीना म्हणाली. "तुमच्यासारखे खिशात ठेवायला नाही दिले."

आता गंमत ऐका. चावडीच्या यादीत नावं असतात ती घराच्या पुरुषांची. बाईचं नाव कुठे लिहायचं, हे कुणालाच सुचलं नाही, किंवा सुचवून घ्यायचं नव्हतं. कारकुनाने लिहिलं, तोपील, ताउरीनो इयेस्कास. दर रविवारी हजेरी. "ताउरीनो इयेस्कास!" असा पुकारा व्हायचा, आणि शाल डोक्यावरून घेतलेली बाई म्हणायची, "हजर." पहिला महिनाभर लोक फिदीफिदी हसले, मग सवय झाली. स्वतःला शहाणंसुरतं म्हणवणाऱ्या या गावाने अठ्ठावीस वर्षं पळून गेलेल्या माणसाला हजर धरलं, आणि एकाही मिशीवाल्याला त्यात वावगं वाटलं नाही!

माक्रीना राबत राहिली. घंटेच्या दोराने तिचे तळवे सोलले. पाण्याची पंच असताना दुष्काळाच्या साली ती रोज झऱ्यापर्यंत चढली आणि चोरून पाट फोडणाऱ्यांचे बकोट धरून त्यांना खाली आणलं. जत्रेची यजमान झाली तेव्हा स्वतःचे दोन बैल दिले, आणि तीन दिवस सगळ्या गावासाठी पाट्यावर मका वाटून वाटून मनगटं टम्म सुजली. गेल्या वर्षी अल्काल्दे असताना लुना भावांच्या बांधाचा तंटा तिने मिटवला. आधीच्या तीन अल्काल्देंना तो मिटवता आला नव्हता. दोघांना तिने अनवाणी शेतात चालवलं आणि म्हणाली, जुन्या बांधाचा दगड ज्याच्या पायाला लागेल त्याने तिथे थांबायचं. दोघे मुकाट एकाच जागी थांबले. ती जागा दोघांनाही आधीपासून ठाऊक होती, भांडण फक्त बापाच्या नावाने चाललं होतं.

तर अशी ती मोकळी झाली. पण बाकावर तिला कुणी बोलावलं नाही. सेनाइदो आता जाणत्यांमधला मुख्य होता. तो म्हणाला, "बाक फार गार असतो. बाईमाणसाची कंबर धरेल."

"बाक घाला चुलीत," माक्रीना म्हणाली. तिला बाकाचं कौतुक नव्हतंच. तिला हवी होती ती सकाळ. धुक्यात शंख वाजायचा, शेजारीपाजारी शिव्या देत कुदळी शोधायचे, आणि माक्रीना गोधडीत कूस बदलायची. त्या कूस बदलण्यासाठी तिने सगळं आयुष्य घातलं होतं. अशा सकाळी तिला पाच आठवडे मिळाल्या.

फेब्रुवारीत ताउरीनो आला. टेम्पोच्या मागून उतरला तो हातात ॲल्युमिनियमची चकचकीत काठी, तोंडात नवी कवळी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की गावाने वाजंत्री कशी नाही आणली. तिकडच्या बाईच्या मुलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं, हे टेम्पोवाल्याने वाटेतच चौघांना सांगून टाकलं होतं.

"माक्रीना," दारात उभा राहून तो म्हणाला, "आपल्या मातीत म्हातारा व्हायला आलोय मी."

माक्रीना तव्यावर मक्याच्या भाकऱ्या उलटत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "रस तिकडे पाजलास आणि चोथा इकडे आणलास होय?"

"झालं गेलं विसर ना आता. या वयात माणसाला लागतं तरी काय? चार घास आणि थोडा मान."

"घास मिळतील. भाकरी मी कुत्र्यालाही घालते. मानाचं चावडीत विचार."

हे ती रागाने बोलली. पण निर्लज्जाला टोमणा मारला तर त्याला ते आमंत्रण वाटतं. मक्याच्या कोठारात तिने फेकलेल्या चटईवर तो दोन रात्री झोपला, आणि तिसऱ्या दिवशी खरोखर चावडीवर गेला. तिथे त्याला कळलं, यादीप्रमाणे आपण पाचही पायऱ्या चढलोय! दुसरा कुणी असता तर लाजेने मान खाली घातली असती. याने बाकावर बसून पाय पसरले.

ही बातमी माक्रीनाला सांगितली कारकून विलिबाल्दोने. हा तिशीतला, घाबरट, सभ्य मुलगा. टोपी हातात चुरगाळत तो अंगणात उभा राहिला.

"काकी, माझ्यावर नका ओरडू. मी नुसता निरोप्या. या रविवारी काकांना बाकावर बसवायचं ठरलंय."

"कुणाला?"

"ताउरीनोकाकांना. नाव त्यांचं आहे ना यादीत. जाणते म्हणाले, बरं झालं आला, आता प्रश्नच मिटला." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "आणि रीतीप्रमाणे त्या दिवशी जाणत्यांचं गरम चॉकलेट आणि पाव... म्हणजे घरच्या बाईने... बारा जणांचं."

माक्रीना एवढी हसली की कोंबड्या पळाल्या. मग हसणं थांबलं. "आणि मी उठून सांगितलं की हा मेला इथे नव्हताच?"

विलिबाल्दोने इकडेतिकडे बघितलं. "सेनाइदोबाबा तेच म्हणत होते. ती असं बोलली तर यादी खोटी ठरते. यादी खोटी तर घराची सेवा शून्य. मग तुमचं घर पुन्हा पहिल्या पायरीवर, तोपीलपासून. नाहीतर जमीन... काकी, गप्प बसा हो. तुमचं काय जातंय?"

काय जातंय! तो गेल्यावर माक्रीना पाट्यापाशी बसून मका रगडू लागली. गप्प बसलं तर सकाळची झोप शाबूत, जमीन शाबूत. पण रस्त्यात लोक त्याच्यापुढे वाकणार. तिचे सोललेले तळवे, तिची सुजलेली मनगटं, सगळं त्या कवळीवाल्याच्या अंगावर शोभणार. आणि बोललं तर सगळंच जाणार, चौसष्टाव्या वर्षी पुन्हा हातात झाडू. मुलगी ओलीवा पलीकडच्या गल्लीतून धावत आली. तीही तेच म्हणाली.

"आई, बसू दे त्याला. किती दिवस जगणार आहे तो? तुला आराम मिळतोय ना, तो घे."

"आराम कसला गं? जाणत्याच्या घरी रोज माणसं येतात. त्यांचं चॉकलेट कोण घुसळणार? तो बसणार, आणि मी पुन्हा उभीच."

"मग काय करणारेस?"

"मला काय माहीत!" माक्रीना ओरडली, आणि मग तिला रडू आलं. तिला स्वतःचाच संताप आला. असल्या माणसापायी रडायचं ते तिने पंचवीस वर्षांपूर्वी संपवलं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चावडी गच्च भरली. बाकावर बारा जाणते, त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी, आणि तिच्यापुढे इस्त्रीच्या सदऱ्यात ताउरीनो. बायका रीतीप्रमाणे मागे भिंतीला टेकून. माक्रीना रिकाम्या हातांनी आली होती. चॉकलेटचं भांडं कुठे दिसत नाही हे जाणत्यांच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं, आणि त्यांचे चेहरे उतरले.

विलिबाल्दोने हजेरी सुरू केली. "ताउरीनो इयेस्कास!"

"हजर," ताउरीनो ऐटीत म्हणाला. आणि त्याच क्षणी मागून, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने, माक्रीनाही म्हणाली, "हजर."

चावडी खदाखदा हसली. ताउरीनोही हसला, बिचाऱ्याला वाटलं लोक तिला हसताहेत.

जाणत्याला बसवण्याआधी कुणीही उठून त्याच्या सेवेबद्दल विचारावं, अशी रीत आहे. सहसा हा थट्टेचा भाग असतो, कुणी म्हणतं घंटेवर झोप कशी लागायची, कुणी म्हणतं बैल म्हातारे दिलेस. सेनाइदोने नाइलाजाने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

"मला," माक्रीना म्हणाली आणि पुढे आली. "ताउरीनो, तू दोन वर्षं घंटेवर होतास ना? यादीत आहे. मग सांग, लहान मूल गेलं तर घंटा कशी वाजवायची?"

ताउरीनोने काठी सावरली. "कशी म्हणजे? मरणाला वाजवतात तशी. हळू. एकेक टोल."

हसणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की मूल थेट देवाकडे जातं, म्हणून त्याच्यासाठी घंटा जत्रेसारखी वाजते, भराभर, न थांबता, मिरवणूक दफनभूमीत पोचेपर्यंत.

"रुतीलियो सात वर्षांचा होऊन गेला," माक्रीना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा घंटा माझ्याकडे होती. दुसऱ्याच्या हातात दोर देता येत नाही. लोक माझ्या पोराला घेऊन गेले आणि मी देवळात वर जत्रा वाजवत उभी राहिले. अर्धा तास. तुला निरोप पोचला होता, दोनदा. ती घंटा यादीत तुझ्या नावावर आहे. घे ना. बस त्या घंटेवर आणि मान घे लोकांचा."

ताउरीनोने जिभेने कवळी सावरली आणि रिकाम्या जागेपासून एक पाऊल मागे सरकला. मागे ओलीवा हुंदके देत होती.

सेनाइदो खाकरला. असल्या माणसांना दुःख दिसलं की नियम आठवतो. "ते सगळं खरं असेल, माक्रीना. पण तो नव्हता म्हणालीस तर यादी खोटी. आणि यादी खोटी तर या घराची सेवा झालीच नाही. नीट विचार कर. तुलाच पुन्हा झाडू घ्यावा लागेल."

"खोडा," माक्रीना म्हणाली.

"काय?"

"खोडा म्हणते यादी. झालीच नाही ना सेवा? मग जत्रेत तीन दिवस माझ्या घरचं जेवलात ते ओका. दुष्काळात माझ्यामुळे प्यालात ते पाणी परत करा. आणि सेनाइदोबाबा, तोपील असताना मी तुम्हाला पायाला धरून गटारातून बाहेर काढलं होतं. झालंच नाही ते. जा, पडा परत गटारात."

चावडीत एकच गलका उठला. बायका भिंत सोडून पुढे आल्या. तेवढ्यात लुना भावांपैकी थोरला ताडकन उभा राहिला, डोळ्यांत लकाकी. "एक मिनिट! गेल्या वर्षीचा अल्काल्देच खोटा, तर आमच्या बांधाचा निवाडाही खोटा ना? म्हणजे ती पट्टी परत माझी!"

"तुझी कशी? माझी!" धाकटा ओरडला.

"मग आमच्या झऱ्याचं काय?" तिसरा उठला. "आणि आमच्या वाटेचं?" चौथा. एका वर्षात माक्रीनाने एकोणीस तंटे मिटवले होते, ते सगळे एकदम उभे राहिले, आणि त्यातले दोन तर खुद्द बाकावर बसलेल्या जाणत्यांचे होते! ज्यांनी पाच आठवडे तिच्या कंबरेची काळजी वाहिली, त्यांना आता आपापल्या शेताची काळजी लागली. न्यायाने जे होत नाही ते भीतीने पटकन होतं.

"शांतता!" सेनाइदो किंचाळला. "विलिबाल्दो, लेखणी घे! पाचही ओळींतलं नाव बदल. माक्रीना मान्सानो लिही. सेवा झाली, निवाडे खरे, ओझं ठेवलं. बसा खाली सगळे!"

विलिबाल्दोने एवढ्या भराभर कधी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्याने मान वर केली. "आणि ताउरीनोकाकांचं नाव? ते आता कुठेच राहिलं नाही."

ताउरीनो केविलवाणं हसला. "राहू दे रे. माझं वय झालंय आता. अडुसष्ट. मी म्हातारा माणूस."

"कोण म्हातारा?" सेनाइदो त्याच्यावर खेकसला. स्वतःची लाज कुणावर तरी काढायचीच होती. "म्हातारपण मिळवलंस कुठे तू? लिही रे, तोपील, ताउरीनो इयेस्कास. आजपासून."

तोपीलला चावडीवरच झोपावं लागतं. त्यामुळे माक्रीनाचं मक्याचं कोठारही त्याच दिवशी मोकळं झालं.

दोन आठवड्यांनी, ऊन अंगणात आलं असताना, माक्रीना दारात खुर्ची टाकून बसली होती. हातात चॉकलेटचा वाडगा. रस्त्याने ताउरीनो येताना दिसला. ॲल्युमिनियमची काठी नव्हती, चावडीची लाकडी होती, खांद्यावर झाडूचा कचरा. अंगणाच्या कडेला येऊन तो थांबला.

"चल, चावडीत बोलावलंय," तो पुटपुटला.

"टोपी," माक्रीना म्हणाली.

त्याने टोपी काढली.

"मान."

त्याने मान लववली. मग जमिनीकडे बघत, सेनाइदोने घोकून घेतलेलं म्हणाला, "मोठ्या आई, गाव तुमची वाट बघतंय. कृपा करून बाकावर यावं."

"कशासाठी?"

"लुना भावांनी बांध परत उकरलाय. जाणते सकाळपासून डोकं आपटताहेत. तुझ्याशिवाय..."

"तुझ्या?"

"तुमच्याशिवाय सुटत नाही म्हणतात."

माक्रीनाने वाडग्यातला पाव बोटाने ढकलून बुडवला, फुगू दिला, आणि सावकाश खाल्ला.

"जा, सांग त्यांना," ती म्हणाली. "माक्रीना म्हातारी झाली म्हणावं. येणार नाही."

ताउरीनो तिथेच उभा राहिला. जाणत्याने नुसतं जा म्हणून भागत नाही, हात हलवल्याशिवाय तोपीलला हलता येत नाही. माक्रीनाच्या दोन्ही हातांत वाडगा होता, चॉकलेट अजून अर्धं उरलं होतं, आणि तिला घाई नव्हती.